शहापूरच्या लॅबमधला काळा फोन

मी एक जुना काळा टेलिफोन आहे. उमेदीची वर्षं मी भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या दुकानात काढली. गुंड-गंगाळांच्या खणखणाटातही माझी घंटी ऐकू जायची. "फोन असावा तं असा," मालक म्हणत. मग घरोघरी मोबाइल आले आणि मी फडताळात जाऊन पडलो. त्याचं मला फार वाईट वाटलं असं नाही. गरज सरो, वैद्य मरो, ही जगाची रीतच आहे.

पुढे मालकांच्या मुलाने, भुपेंद्रने, भंडाऱ्याजवळच शहापूरला हायवेलगत लॅब काढली आणि मला तिथे नेलं. मित्रांनो, हल्ली काचेच्या एकाच बारीक तारेतून फोन, संगणकाची माहिती आणि दूरच्या डॉक्टरांचं पडद्यावरचं चित्र, तिन्ही येतात. ती तार ज्या पेटीत शिरते, ती पेटी गावाला जाण्याआधी इथे तपासतात. तपासते रीता. ती मला पेटीला जोडते आणि पलीकडच्या खोलीतून लॅबचा मदतनीस कवडू बोलतो. काय बोलायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून तो रोज आपल्या धानाच्या बांधीची, म्हणजे भाताच्या खाचराची, खबर देतो. मी बांधी कधी पाहिली नाही, पण तिथे कोणत्या दिवशी किती पाणी होतं ते मला विचारा.

सप्टेंबरात लाखांदूरकडच्या आरोग्य उपकेंद्रांसाठी चाळीस पेट्या आल्या. फोन पास, संगणक पास, चित्र पास. न्यायला गाडी दारात उभी होती. तेवढ्यात रीताने तिन्ही एकदम सुरू केली, आणि कवडूचा आवाज माझ्यात तुकड्यातुकड्यांनी येऊ लागला.

भुपेंद्र वैतागला. "मशीननं पास केलं न? मंग काहून अडवून राहिली?"

"सर, एकेकटे पास आहेत," रीता म्हणाली. "तिघी जावा आपापल्या माहेरी गुणाच्याच असतात. एका चुलीपाशी आल्या का कळते."

"ह्या जुन्या डबड्यातच खोट असन. टाक त्याले भंगारात."

मी घाबरलो, हे कबूल करतो. रीताने माझ्या जागी कोरा करकरीत फोन जोडला. त्यातही आवाज तसाच तुटत होता.

"आता सांगा. नर्सबाई डॉक्टरसंग बोलून राहिली अन् असा आवाज तुटला तं?"

भुपेंद्रने स्वतः खाली जाऊन गाडी परत पाठवली.

एका तारेत तिन्हींची गर्दी झाली की आवाजाला आधी वाट द्यायची, हे पेट्यांना शिकवायचं राहून गेलं होतं. तेवढं दुरुस्त होऊन तीन आठवड्यांनी पेट्या गेल्या. परवा दुपारी माझी घंटी वाजली. लाखांदूरकडच्या उपकेंद्रातून मंगलाबाई नर्स बोलत होत्या.

"रीता म्याडम, तिन्ही चालू ठेवूनच बोलून राहिली मी. येते का आवाज?"

त्यांच्यामागे नुकतंच जन्मलेलं बाळ रडत होतं. एका दमात, लांबलचक, कुठेही न तुटता. रीता कितीतरी वेळ ते ऐकत राहिली.

"येते," ती म्हणाली. "पुरा येते."

मित्रांनो, रिसीव्हर आपटू नका, माझी वेटोळ्यांची तार ओढू नका. आणि जुनं काही भंगारात टाकण्याआधी एकदा कानाला लावून पाहा. कवडूचं धान कापणीला आलं आहे. उद्याची खबर मला ऐकायची आहे.