पार्टिशनच्या अलीकडे

मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर दशरथ परब गुडघे जुळवून बसला होता. चपला त्याने भिंतीशी काढून ठेवल्या होत्या. कोणी तसे सांगितले नव्हते. पण शाळेची पायरी चढताना हात आपोआप पायरीला लागून कपाळाकडे गेला, आणि मग चपला घालून पुढे जाववेना. आत गेलेल्या गृहस्थांचे काळे बूट दाराच्या पडद्याखालून दिसत होते. एका बुटावर दुसरा निवांत टेकलेला होता.

विचारायचे वाक्य एकच होते. माझ्या मुलीला आठवीत संस्कृत घ्यायचंय, तिला 'अ' तुकडीत बसवा. सकाळी बायकोने, मालनने, ते त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतले होते आणि इस्त्रीचा सदरा हातात देताना बजावले होते, "काय ता सरळ इचारा. गप बसान येव नकात."

गिरणीचा संप फिसकटल्यावर लालबागची खोली सोडून परब कुटुंब असल्फ्याच्या डोंगरावर आले. या साऱ्या धावपळीत सुगंधाचे नाव घाटकोपरच्या या शाळेत सहावीत घालायला जुलै उलटला. उशिरा आलेल्या मुलांना 'क' तुकडीत बसवायचे, अशी शाळेची रीत होती. बाक तिथेच रिकामे असत. पुढे मात्र ते मूल दरवर्षी 'क'मध्येच वरच्या इयत्तेत जाई. गणिताचे जुने, नावाजलेले सर 'अ'ला मिळत. 'क'चे सर कधी निवडणुकीच्या कामाला जात, कधी दुसऱ्या कोणाच्या बदली तासाला, आणि मग 'क'चा तास ऑफ जाई. त्या तासाला गप्प बसणे एवढाच अभ्यास असे. संस्कृत फक्त 'अ'ला होते. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. वर्षानुवर्षे ते तसेच चालत आले होते आणि चालत आलेल्या गोष्टीला कोणी जाब विचारत नाही. सुगंधाला गुण चांगले पडत. पण ते 'क'चे गुण होते.

'अ' आणि 'क' या दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती. लाकडी, घडीचे पार्टिशन होते. ऑफ तासाला सुगंधा त्याच्या कडेचा बाक धरून बसे, आणि पलीकडून चाळीस मुलांनी एका सुरात म्हटलेली विभक्तीची रूपे फटींतून तिच्याकडे येत. संध्याकाळी नळावर हंडा भरताना ती स्वतःशीच म्हणे, देवः, देवौ, देवाः. दशरथला अर्थ कळत नसे. पण त्या ठेक्यात त्याला गिरणीतले बंद पडलेले साचेखाते ऐकू येई. मागाचा धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. दारात बसून तो ऐकत राही. आपल्या हातून गेलेली कुठलीतरी लय पोरीच्या ओठांवर परत आली आहे, असे त्याला वाटे.

'क'च्या वर्गशिक्षिका कुंदाबाई स्वभावाने मोकळ्या होत्या. त्यांनीच निरोप पाठवला होता, की मुलगी हुशार आहे, महिनाअखेरीपर्यंत तुकडी बदलता येते, पण पालकांनी स्वतः येऊन म्हणावे लागते. म्हटले की मुख्याध्यापिका ऐकतात. साकीनाक्याच्या कारखान्यात, जिथे तो आता पत्र्याचे डबे ठोकायचा, तिथून अर्धा दिवस रजा काढून दशरथ आला होता.

आतले बोलणे ऐकू येत होते. ते गृहस्थ नंदकुमार करंदीकर. त्यांची उत्तरा परीक्षेच्या वेळी काविळीने आजारी होती, म्हणून यंदा 'क'मध्ये आली आणि पहिल्या दिवसापासून सुगंधाच्या शेजारी बसू लागली. दोघींची गट्टी जमली होती.

"तसं नाही हो बाई," करंदीकर हसत म्हणत होते, "मागचं आम्ही घरी भरून काढू. पण तिला संस्कृत हवंच. तिथे तिचं नुकसान नको व्हायला."

मुख्याध्यापिका प्रधानबाई काहीतरी म्हणाल्या. खुर्ची सरकली. एवढ्यात झाले? दशरथला नवल वाटले. या माणसाने ना आवाज चढवला ना विनवणी केली. पोस्टात जाऊन तिकीट मागावे तसे मागितले, आणि मिळाले. त्याला धीर आला. वाक्य तर तेच होते.

करंदीकर बाहेर आले, त्यांनी मान हलवून ओळख दिली, आणि दशरथ पडद्याच्या आत गेला.

"या. बसा ना," प्रधानबाई म्हणाल्या. तो बसला नाही. खुर्चीच्या पाठीला त्याने नुसता हात लावला. टेबलावर काच होती, काचेवर पितळी घंटा. भिंतीवर सरस्वतीचा फोटो, त्याला ताजा हार.

"सुगंधाचे वडील ना तुम्ही? काय म्हणता?"

गिरणीच्या फाटकावर याच दशरथने दीड वर्ष घोषणा दिल्या होत्या. पोलिसांच्या गाडीसमोर त्याचा आवाज कधी चिरकला नव्हता. पण तिथे समोर मालक होता. इथे शाळा होती. शाळेकडे कसे काय मागायचे? मागणे म्हणजे तुमचे चुकले असे म्हणणे, आणि तेही या फोटोखाली उभे राहून.

"काही नाही, बाई. पोरगी कशी आहे, एवढंच विचारायला आलो."

"छान आहे. शांत मुलगी. तिचा काही त्रास नाही."

"'क'मध्ये बरी आहे ना?" हे तो पुरते धाडस करून म्हणाला. बाईंनी विचारावे, का हो, तुमच्या मनात काही वेगळं आहे का? एवढे एक त्यांनी विचारावे.

"हो, बरी आहे की," बाई म्हणाल्या. "का, तिची काही तक्रार आहे?"

"छे, छे. तक्रार कसली? तुम्ही कराल ते योग्यच कराल, बाई."

बोलून झाल्यावर त्याला ते शब्द ओळखीचे वाटले. आवाज मात्र आपला वाटला नाही. गावच्या शाळेच्या ओटीवर त्याचा बाप असाच, टोपी हातात घेऊन उभा होता. चौथीनंतर कोणाला पुढे तालुक्याला पाठवायचे ते गुरुजी सांगत होते. तुमी करशात ता बरोबर, गुरुजी. दशरथ तेव्हा बापाच्या धोतराआडून गुरुजींच्या तोंडाकडे बघत होता.

प्रधानबाई प्रसन्न हसल्या. त्या मनापासून म्हणाल्या, "असे समजूतदार पालक थोडे असतात हो, परब."

मधल्या सुट्टीत सुगंधा पाण्याच्या टाकीपाशी वाट पाहत होती.

"विचारलंस, बाबा?"

तो वाकून चपलेचा अंगठा बसवत राहिला. "विचारलं. जागा भरली म्हणाल्या."

"सगळी?"

"सगळी."

तिने टाकीचा गळता नळ घट्ट फिरवला. मग त्याची समजूत काढावी तशी म्हणाली, "जाऊ दे ना. कडेचा बाक माझाच आहे. तिथून सगळं ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी उत्तरा दप्तर उचलून पलीकडे गेली. सुगंधाने ते घरी सांगितले, आणि जागा कुठून आली ते मात्र विचारले नाही. दशरथ त्या प्रश्नाची बरेच दिवस वाट पाहत होता. मालनने विचारले तेव्हा त्याने तेच उत्तर दिले. तिने पुढची भाकरी थापायला घेतली.

डिसेंबरात स्नेहसंमेलन झाले. त्या दुपारी पार्टिशन घडी करून भिंतीला लावले होते आणि दोन वर्गांचा मिळून एक मोठा हॉल झाला होता. दशरथच्या पायाखाली फरशीत पार्टिशनची लोखंडी खाच लागत होती. "तिथेच माझा बाक असतो," शेजारी बसलेली सुगंधा कुजबुजली. रंगमंचावर 'अ'च्या मुली श्लोक म्हणत होत्या. उत्तरा पहिल्या रांगेत होती. दशरथने सहज वळून पाहिले. सुगंधाचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण एकही जागा न चुकता, रंगमंचावरच्या मुलींच्या बरोबरीने ते मिटत होते, उघडत होते.

कार्यक्रम संपून पालक पांगले. भीमराज शिपाई एकटाच पार्टिशन ओढू लागला. चाके गंजलेली, जागची हलेनात. दुसऱ्याला ओझे ओढताना बघत उभे राहणे दशरथला कधी जमले नव्हते. तो पलीकडून पुढे झाला, खांदा लावला, आणि लाकडी फळ्या करकरत एकेक उलगडू लागल्या.

अर्ध्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आले, की आपण 'अ'च्या बाजूला उभे आहोत. सुगंधा अलीकडे, 'क'मध्ये राहिली होती. उरलेल्या फटीतून ती दिसत होती. आपला बाक ओढून कडेला नीट लावत होती. दशरथने खांदा सैल केला.

"आणखी थोडं, दादा," भीमराज म्हणाला. "आता काय, लागलंच."