झालं की मिस कॉल द्या

आमच्या शरदचंद्र साहेबांना पुण्याहून काहीही आलं की ते शहाणंच वाटतं. मग ते सॉफ्टवेअर असो की अनिमेष. नांदेड-लातूर भागात आम्ही इन्व्हर्टर विकतो, दुरुस्त करतो. तक्रारींचं टेबल माझं. अनिमेषनं येऊन माझ्या कॉम्प्युटरवर नियम बसवले. हेल्पलाइनला मिस कॉल आला की तक्रार आपोआप नोंदली जाणार, त्या घरी शेवटी गेलेल्या मेकॅनिकच्या नावावर. आणि वीस तक्रारी साचल्या की त्या मेकॅनिकचं लॉगिन आपोआप बंद. लॉगिन नाही तर काम नाही.

"राजश्री मॅडम, आता तुम्हाला काहीच करायचं नाही," तो म्हणाला. मला तेव्हाच धडकी भरली.

आठवड्यात करीमभाईंच्या नावावर एकोणीस तक्रारी! भोकर, हदगाव, अहमदपूर, सगळीकडून. आमचा सगळ्यात चांगला मेकॅनिक हा. सकाळीच साहेबांच्या घरचा इन्व्हर्टर दुरुस्त करून आले आणि माझ्या टेबलापाशी उभे राहिले, तोंड एवढंसं करून.

"ताई, मी काय चूक करून राहिलो? सगळ्यांचे इन्व्हर्टर चालू हायेत. लॉगिन गेलं तर घरी जाऊन बायकोला काय सांगू?"

मी हदगावच्या एका घरी फोन लावला. तिथल्या आजी माझ्यावरच डाफरल्या. "तक्रार? कोणी केली मेली तक्रार? पोरगं लई गुणाचं हाय. जाताना म्हणलं, तासभर चालला की हेल्पलाइनला मिस कॉल द्या. मग दिला!"

माझं डोकंच सणकलं. अहो, आमच्याकडं पोचलो की मिस कॉल, काम झालं की मिस कॉल. फोन फुकट झाले म्हणून सवय जाते का? तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. अनिमेष लॅपटॉप उघडून तिथंच बसलेला.

"आजकाल मिस कॉल कोण देतं, मॅडम?" तो हसला. "आणि समाधानी माणूस फोन कशाला करेल?"

साहेबांनी मान डोलावली. "बरोबर आहे. करीमचंच काहीतरी..."

तेवढ्यात लॅपटॉप टुणकन वाजला. विसावी तक्रार. करीमभाईंचं लॉगिन बंद.

"तक्रार कोणाची, वाच की मोठ्यानं," मी म्हटलं.

अनिमेष स्क्रीनकडं वाकला. "प्रमोदिनी... शरदचंद्र..."

साहेबांनी घाईघाईनं स्पीकरवर घरी फोन लावला.

"अहो, तक्रार कसली? पंखा गरगर फिरतोय," प्रमोदिनीताई म्हणाल्या. "करीमभाई म्हणाले, चालला की मिस कॉल द्या, म्हणून दिला. तुम्ही नाही का देत, ऑफिसातून निघालात की? मी कुकर लावते ना तेव्हा!"

साहेब टेबलावरची काच पुसायला लागले. मला हसू आवरेना, पण राग त्याहून जास्त.

"अनिमेष, बदल तो नियम. दुरुस्तीनंतरचा पहिला मिस कॉल म्हणजे काम झालं, तक्रार बंद. आणि माणसाचं लॉगिन मशीन बंद करणार नाही. बंद करायचंच असेल तर साहेब करतील, समोर बसवून, त्याच्याशी बोलून."

"करा, करा," साहेब पुटपुटले.

अनिमेषनं नियम बदलून लॉगिन चालू केलं, तसा मी करीमभाईंना फोन केला. "लॉगिन उघडून बघा. चालू झालं की कळवा बरं."

आम्ही तिघं फोनकडं बघत बसलो. माझ्या हातातला फोन एकदा वाजला आणि कट झाला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं.

"मॅडम, कट झाला," अनिमेष म्हणाला. "परत लावा ना. काय म्हणतोय ते कळू द्या."

"म्हणाले की," मी म्हटलं.