घाटातली मुकी झडप

मी एक जुनी लोखंडी झडप आहे, मित्रांनो. एका छोट्या डिझेल मालमोटारीच्या धुराच्या नळीत मी राहते. काजळीशिवाय शेजारी कोणी नाही, त्यामुळे जरा बडबडी झाले आहे. ऐकून घ्या.

माझं काम सोपं आहे. मोटार गियरमध्ये असताना ड्रायव्हरने उतारावर डिझेलच्या पेडलवरून पाय काढला आणि पायाशी असलेलं बटण दाबलं, की मी नळीत आडवी होते. धूर अडतो, इंजिन जड होतं आणि चाकांना आवरून धरतं. चाकांचे ब्रेक थंड राहतात. १९६१ साली सावंतवाडीच्या सत्यवान मिस्त्रींनी मला बसवलं, तेव्हा त्यांनी इनास ड्रायव्हरला बजावलं होतं, "आदी खालचो गियर घाल, मगे हिका दाब. आणि रोज एकदा तरी हलय, नायतर काजळीन आखडतली."

इनास मालवणचा. खारी मासळी आणि नारळ घेऊन आंबोलीचा घाट चढायचा, बेळगावहून बटाटे घेऊन उतरायचा. हात चांगला, पण हट्टी! पहिल्याच उतारावर माझी घरघर ऐकून म्हणाला, "इंजिनाचो जीव गुदमारता. माका पायातलो ब्रेक पुरो." आणि त्याने बटणावर गोणपाट टाकलं. घाटमाथ्यावरच्या देवळीपुढे इतर ड्रायव्हरांसारखा तोही नारळ ठेवायचा आणि त्यांच्यासारखीच गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी सोडायचा. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा चाकांशी संबंधच तुटतो. तिथे मी काय करणार? दोन वर्षं माझं बटण गोणपाटाखाली राहिलं आणि मी मुकी बसले. मला फार वाईट वाटायचं.

मग एका दुपारी बेळगावच्या दवाखान्यातून इनासची बायको इमेल्डा आमच्या मोटारीत बसली. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठ दिवस डोक्याला हिसका बसता कामा नये, नाहीतर नजर गेलीच म्हणून समजा.

माथ्यावर नारळ ठेवून इनासने सवयीने गाडी मोकळी सोडली. बायकोला धक्का लागू नये म्हणून तो ब्रेक सारखा दाबून होता. चार वळणं गेली आणि इमेल्डा म्हणाली, "आयकलास? कसलो तरी करपल्याचो वास येता."

ब्रेक तापून निकामी झाले होते. पाय पार खाली गेला तरी गाडी थांबेना. अशा वेळी ड्रायव्हर गाडी डोंगराला घासून थांबवतात. इनासने स्टिअरिंग डोंगराकडे वळवायला घेतलं आणि शेजारी इमेल्डाच्या डोळ्यांवरची पट्टी पाहून त्याचा हात अडखळला. माणसं वाचली असती, पण डोळे?

"सीट घट्ट धर गो," तो म्हणाला. इंजिनाला गर्जायला लावून त्याने कसाबसा खालचा गियर घातला, पायाने गोणपाट उडवलं आणि बटण दाबलं.

मी हललेच नाही! काजळीने माझे सांधे आखडले होते. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही. त्याने पुन्हा टाच मारली. या वेळी मी सगळा जोर लावला, काजळी तडकली आणि मी आडवी झाले. इंजिन घुमलं, गाडी हळूहळू वेसणीत आली. एकही हिसका न देता आम्ही खालच्या चहाच्या टपरीपाशी पोचलो. तिथल्या चढात गाडी आपसूक उभी राहिली.

इनास स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. "रडतास कित्याक? माका काय्येक लागूंक नाय," इमेल्डा म्हणाली.

आठ दिवसांनी पट्टी निघाली. इनासने तिला माझ्याबद्दल सांगितलं होतंच. तिने आधी नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि मग म्हणाली, "ती खंय आसा? माका बघूक होयी." अंगणात ती मोटारीखाली वाकली. इनासने कंदील धरला होता. "काळी आसा," ती म्हणाली आणि पदराने तिने माझ्या दांड्यावरची काजळी पुसली.

मित्रांनो, एखादी वस्तू कुरकुरते म्हणून तिच्यावर गोणपाट टाकू नका. तिला पुसा, रोज थोडं हलवा. इनास आता रोज सकाळी निघण्याआधी माझं बटण दोनदा दाबतो. मी घरघरते आणि घरातून इमेल्डा म्हणते, "जा आता, ती जागी झाली."