घुबडाच्या कपाळावरची लाल रेघ

मला पाहून लहान मुलं आईच्या मागं लपतात, मित्रांनो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मी एक जुना मुखवटा आहे. जत्रेतला नव्हे, नाटकातला तर नव्हेच. बर्फावर जी हॉकी खेळतात ना, तिच्या गोलकीपरचा. माझ्या कपाळावर मोठ्या डोळ्यांचं घुबड रंगवलंय. तोंडापुढे लोखंडी जाळी आहे. आणि आतल्या घामट फोममध्ये एका मुलाचा श्वास अजून अडकलेला आहे. हसू नका. मला तो ऐकू येतो.

काचेच्या धाग्यांचं कापड चिकट द्रावणात बुडवून, थरावर थर चढवून मला घडवलं. मग खोक्यात बसून मी इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या एका विद्यापीठाच्या हॉकी क्लबात आलो. गोलकीपरचं सामान विद्यार्थ्यांना कुठलं परवडायला? म्हणून मी क्लबचा. जो गोलमध्ये उभा राहील, त्याच्या डोक्यावर मी.

माझा पहिला गडी ओवेन. वेल्समधल्या एका खेड्यातला, लाल केसांचा, बडबड्या पोरगा. घुबड त्यानंच रंगवलं, कारण म्हणे घुबडाच्या नजरेतून काही सुटत नाही. सामना सुरू व्हायच्या आधी तो काठीनं गोलचे दोन्ही खांब ठोकायचा आणि माझ्या आत तोंडातल्या तोंडात एक गाणं गुणगुणायचा. मला ते पाठ झालं होतं.

एका हिवाळ्यात, सामना रंगात आलेला असताना, ती चकती माझ्यावर आदळली. आइस हॉकीत चेंडू नसतो, कडक रबराची काळी चकती असते, आणि ती बर्फावर उसळू नये म्हणून आधी गोठवून ठेवतात. दगड परवडला! बरोबर घुबडाच्या दोन डोळ्यांच्या मध्ये बसली. ओवेन पडला, उठला, हसला. "आय ॲम फाइन," म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "काय मास्क आहे!" असं जो तो म्हणू लागला आणि मी, मूर्ख, फुगून बसलो.

सगळे आपापल्या जागी गेल्यावर ओवेननं माझ्या आत हळूच विचारलं, "आपण कुठे आहोत?"

ते फक्त मी ऐकलं. तो उरलेला सामना खेळला. पुढं त्याला उजेड सोसेना, पुस्तकातली अक्षरं डोळ्यांपुढं हलायला लागली. शिक्षण अर्धवट टाकून तो गावी गेला, तो परत आलाच नाही. कोच ब्रायननं माझा उडालेला रंग स्वतःच्या हातानं नीट लावला. रंगाखाली केसाएवढी चीर होती, ती त्या भल्या माणसाला दिसली नाही. मला मात्र ती दुखत होती.

आणि गंमत बघा, क्लबात माझं नाव पडलं 'लकी मास्क'! मी खुंटीला टांगलेला असायचो. दिवे मालवले की ते गुणगुणणं सुरू व्हायचं आणि मागोमाग तो प्रश्न यायचा.

दोन-तीन वर्षांनी अक्षया आली. पुण्यात जन्मलेली, लहानपणीच आईबाबांबरोबर इंग्लंडातल्या रीडिंग शहरात आलेली, त्यामुळे मराठीत 'माझा-माझी'चा घोळ घालणारी. बाबा सुहास तिथं सॉफ्टवेअरच्या नोकरीत. त्यांनी तिला बागेत क्रिकेटचे झेल घ्यायला लावून लावून तिचे हात तयार केले होते. स्केटिंग म्हणाल तर, अरे देवा! पहिल्या दिवशी ती बर्फावर उभी कमी आणि आडवी जास्त होती. पण झेल? एक सुटेल तर शपथ.

पहिल्या सामन्यात तिनं इतके गोल खाल्ले की समोरच्यांनाच लाज वाटली. त्या दिवशी ती माझ्या आत ढसाढसा रडली. पुढच्या आठवड्यात डोळे पुसून परत हजर. वर्षभर पडली, उठली, शिकली. माझ्याशी बोलायची तेव्हा मला 'घुबडराव' म्हणायची. एकदा सरावात ती एकदम थांबली.

"ब्रायन, ह्या मास्कमध्ये कोणीतरी श्वास घेतंय असं वाटतं," ती इंग्रजीत म्हणाली.

"तुझाच श्वास असेल," ब्रायन म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात ब्रायननं सांगितलं, की येत्या रविवारी अक्षया गोलमध्ये. चांगली खेळली तर वर्षभर जागा तिची, नाहीतर राखीव गोलकीपरची. पोरीला आनंदानं काय करू नि काय नको झालं. आदल्या दिवशी ती मला घेऊन रीडिंगला घरी गेली, कारण खंडेनवमी होती. तुमच्या घरी त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा होते ना? त्यांच्याकडे पाटावर बाबांचा लॅपटॉप, विळी, गाडीची किल्ली मांडलेली. अक्षयानं मला मध्ये ठेवलं.

"अगं बाई!" तिची आई राजश्री ओरडली. "घुबड? सणासुदीला घुबड पाटावर?"

"आई, तो माझा लकी मास्क आहे. उद्या माझा मॅच आहे, प्लीज!"

"अहो, तुम्ही तरी सांगा हिला काहीतरी."

"राजश्री, लक्ष्मीचं वाहन आहे ते. लाव कुंकू," बाबा हसत म्हणाले.

"लावते बाई. पण चांगलं भरपूर लावते, म्हणजे अपशकुन धुऊन जाईल," असं म्हणत तिनं पाण्यात कुंकू कालवलं आणि घुबडाच्या कपाळावर मोठा मळवट भरला. ओलं कुंकू चिरेत उतरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाचं तरी बोट माझ्या दुखण्यावर पडलं होतं.

सकाळी आईनं मला ओल्या फडक्यानं पुसलं. सगळं कुंकू निघालं, पण एक लाल रेघ राहिली, कपाळापासून थेट कानापर्यंत. आई पुसतेय, पुसतेय, रेघ जाईना. 

"अहो, जरा इकडे या."

बाबांनी दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. मी कर्रकन वाजलो. मित्रांनो, तेवढंच बोलता येत होतं मला, ते मी जीव तोडून बोललो.

"अक्षया, हा तडकलाय. हा घालून तू उभं राहायचं नाहीस," बाबा म्हणाले.

"बाबा, आज नाही खेळले तर माझा जागा जाईल!"

"जागा गेली तर परत मिळेल गं," आई म्हणाली. 

अक्षयानं ब्रायनला फोन लावला. मी तडकल्याचं सांगितलं. मग त्यानं ओवेनचं सगळं सांगितलं, ते हसणंसुद्धा. "तो फाइन म्हणाला आणि मी मान डोलावली," तो म्हणाला. त्याच रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, खेळणाऱ्या दुसऱ्या क्लबकडून तो एक पांढरा, साधा, पण ठणठणीत मुखवटा मागून घेणार होता.

संध्याकाळी अक्षयानं मला राखीव खेळाडूंच्या बाकावर ठेवलं. "घुबडराव, तुम्ही बघा," म्हणाली आणि दोन्ही खांब ठोकले. काय खेळली पोरगी! आई रिंकभोवतीच्या काचेला नाक लावून उभी होती. शेवटची काही मिनिटं उरली, क्लब एका गोलनं पुढं होता, आणि ती चकती आली. तीच ती, कपाळाच्या रोखानं. पांढरा मुखवटा खणकला. अक्षया पडली.

उठली. हसली. "आय ॲम फाइन."

टाळ्या पडल्या. माझ्या आतला श्वास थांबला. मी बाकावर नुसता पडून होतो आणि मला पुन्हा तोच प्रश्न ऐकू येत होता.

ब्रायन बर्फावर बूट घसरवत तिच्यापर्यंत गेला. जाळीजवळ तोंड नेऊन त्यानं विचारलं, "अक्षया, खरं सांग. ठीक आहेस?"

ती खांब धरून उभी राहिली. बाकाकडे वळून तिनं माझ्याकडे पाहिलं, घुबडाच्या कपाळावरच्या लाल रेघेकडे.

"नाही," ती म्हणाली. "डोकं फिरतंय. मला बाहेर घे."

राखीव गोलकीपर आत गेला. क्लब सामना हरला, अक्षयाची जागाही गेली. डॉक्टरांनी तिला अंधाऱ्या खोलीत आराम करायला लावला. जानेवारीत ती बरी होऊन परतली आणि घासून घासून ती जागा तिनं परत मिळवली.

मी आता कपडे बदलायच्या खोलीत खुंटीवर आहे. मला कोणी घालत नाही, आणि तेच बरं. नव्या मुलांना ब्रायन माझी लाल रेघ दाखवतो. तुम्हीही आपली जुनी हेल्मेटं, जुनी अवजारं दाबून, वाजवून बघत जा; लकी म्हणून कोणाच्या डोक्यावर चढवू नका. आणि मार खाऊन कोणी हसत उठला, मी ठीक आहे म्हणाला, तर टाळ्या नंतर वाजवा. आधी त्याच्या जवळ जा आणि पुन्हा एकदा विचारा. ओवेनला कोणी पुन्हा विचारलं नव्हतं.