हिरवा दिवा

मेल्यावर माणसाचं मागे काहीही उरत नाही, हे मी अर्धं आयुष्य शवागारात काढून खात्रीने सांगू शकतो. लॉगिन तेवढं उरतं.

शवागार सोडून मी सॉफ्टवेअर विकायला लागलो तो मेव्हण्यामुळे. तो त्या सॉफ्टवेअर कंपनीत सेल्स मॅनेजर.

"दाजी, माणसांशी बोलायची सवय आहे ना तुम्हाला?"

"आहे. पण ती उलट बोलत नसत."

"मग इथे शिकाल."

बायकोला एवढंच हवं होतं, की घरी येताना माझ्या अंगाला फिनेलचा वास नसावा. तो गेला. बाकीचं राहिलं. ऑफिसात विक्री झाली की पितळी घंटा वाजवायची पद्धत होती. शवागारात घंटा वाजली की कुणाला तरी आत घ्यायचं असायचं. त्यामुळे इथे दुसऱ्याची विक्री झाली, की मी उठून दार उघडायचो. बाहेर कोणी नसायचं. तरी थोडा वेळ मी दार धरून उभा राहायचो.

माझी एकही विक्री झाली नव्हती, आणि महिनाअखेरपर्यंत झाली नाही तर परत फिनेल, हे ठरलेलं होतं.

शेवटच्या दिवशी मेव्हणा मला स्वतः एका मालवाहतूक कंपनीत घेऊन गेला. मालक हिवाळ्यात वारले होते; कारभार आता त्यांच्या पत्नी बघत होत्या. आमचं हजेरीचं सॉफ्टवेअर आदल्याच दिवशी तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर चाचणीसाठी बसवलेलं होतं. कोण कामावर आहे हे नावापुढच्या हिरव्या दिव्याने कळतं, असं सांगत मी त्यांच्या कर्मचाऱ्यांची नावं पडद्यावर आणली.

सगळ्यात वर मालकांचं नाव होतं. त्यापुढे दिवा लागलेला होता.

त्यांचा हिशेबनीस हातातला कप खाली ठेवून उठून उभा राहिला. बाई पडद्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "आलेत?"

मेव्हणा माझ्या कानाशी आला. "दाजी, आता तोंड उघडू नका. फक्त पेन पुढे करा."

पेन माझ्या हातातच होतं. पण शवागारात पहिल्या दिवशी शिकवतात, की नातेवाइकांना खोटी आशा दाखवायची नाही. 'झोपल्यासारखे दिसतात' एवढंही म्हणायचं नाही. ती सवय फिनेलपेक्षा चिवट निघाली.

"साहेबांचा कॉम्प्युटर चालू आहे का?" मी विचारलं.

"बंद करायचा धीर होत नाही," बाई म्हणाल्या.

"आज त्या खोलीत कोणी गेलं होतं?"

"मीच. टेबल रोज मीच पुसते."

"माऊस?"

"तोही."

"माऊस हलला की दिवा लागतो, बाई. अर्धा तास राहतो. बाकी काही नाही."

मेव्हण्याने डोळे मिटून घेतले. मी पेन खिशात ठेवलं.

"अर्धाच तास?" बाईंनी विचारलं.

"हो."

"दिवसभर ठेवता येईल?"

मेव्हण्याने डोळे उघडले.

संध्याकाळी त्याने माझ्या नावाने घंटा वाजवली. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मी दार उघडून उभा होतो.

दिवा दिवसभर ठेवण्याची सोय फक्त महागड्या प्लॅनमध्ये आहे.