खेमाचा डावा कान

दोन हजार एकोणीस साल. सोयाबीनची सुगी चालू होती आणि त्या सुगीत माझ्यापायी एका माणसाचा कान गेला.

मी एक जुनी व्हॅन आहे, मेडशीच्या पूनमचंद शेठच्या किराणा दुकानाची. मित्रांनो, माझे इंजिन पुढे नसते, सीटखाली असते. त्यामुळे माझा चालक खेमा माझी नाडी बसल्याबसल्या ओळखायचा. मी नवी होते तेव्हा शेठच्या पत्नी भागिरथीबाईंनी माझ्या कपाळावर कुंकवाचे स्वस्तिक काढले होते. पुढे कितीतरी वर्षे मी अकोल्याहून तेल, साखर, गूळ ओढला.

शेठचे घर जैन, तिथे उंदीर मारत नसत. दुकानात पिंजरा लावत आणि सापडलेला उंदीर खेमा माझ्यातून नेऊन दूर शिवारात सोडून येई. एकदा वाटेत पिंजऱ्याचे दार सैल झाले. शिवारात पोहोचलो तर पिंजरा रिकामा!

"गेला वाटते उडी मारून," खेमा हसला.

उंदीर माझ्या सीटखाली शिरला होता. पण मला बोलता कुठे येते?

त्यानंतर धावताना मी बरी असे. चालू इंजिनावर उभी राहिले की थरथरू लागे. काचा खडखडत, इंजिन भडभड करून बंद पडे. शेठचा मुलगा अर्पित याला वाटले, खेमा पेट्रोल विकतो आणि टाकीत रॉकेल ओततो.

बाजाराच्या दिवशी मी भर चौकात बंद पडले. कांदे विकणारी वच्छला ओरडली, "अर्पितशेठ, म्हातारीले हीव भरलं वाटते! गोधडी टाका तिच्यावर!"

सारा बाजार हसला. अर्पितने माझ्या दारावर लाथ घातली. मग जॅकचा दांडा काढला आणि माझा डावा दिवा फोडला. काचा उडाल्या. त्याने खेमाला गचांडी धरून बाहेर ओढले.

"रॉकेल कायले मिसळतं रे? बोल!"

"मायची आन, अर्पितभाऊ, मी नाही..."

दांडा त्याच्या कानावर बसला. खेमा माझ्या चाकाशी कोसळला. कानातून रक्त आले, तरी अर्पित त्याच्या पोटात लाथा घालतच होता. माझ्या पांढऱ्या पत्र्यावर लाल शिंतोडे उडाले. मघाशी हसणाऱ्यांपैकी एकही पुढे आला नाही.

भागिरथीबाई दुकानातून अनवाणी धावत आल्या आणि खेमापुढे उभ्या राहिल्या.

"उंदराले जीव हाय म्हनतं, अन् याले नाही का रे? मार! पयले मले मार!"

दांडा खाली पडला. लोक खेमाला दवाखान्यात न्यायला लागले, तर त्याने माझे दार घट्ट धरले.

"नाही येत. पयले सीट उचला. मी चोर हाय का नाही, ते सगळ्याईले दिसू द्या."

चौकातला मिस्त्री राजपाल आला. त्याने सीट उचलली आणि पेट्रोल बोटावर घेऊन हुंगले. "चोख हाय." त्याने प्लग तपासले, तेही ठीक होते. मग मला चालू करून तो कान देऊन ऐकू लागला. कुठूनतरी 'सूं' आवाज येत होता.

"इथून हवा ओढून राह्यली," म्हणत त्याने एका रबरी पाइपावर अंगठा दाबला. माझी थरथर थांबली. अंगठा काढला, पुन्हा सुरू झाली. पाइपावर बारीक दातांच्या खुणा होत्या. शेजारी सीटच्या कापसाचे घरटे होते आणि त्यात सोयाबीनचे दाणे.

राजपालने नवा पाइप बसवला. मी शांत, एकसारखी चालू लागले.

खेमाने कानावरचा हात काढला. "झाली का चालू? मले आयकू नाही येऊन राह्यलं."

राजपालचे आता हमरस्त्यावर मोठे गॅरेज आहे. वच्छला अजून कांदे विकते, पण गाड्यांची थट्टा करत नाही. शेठ थकले. भागिरथीबाई दोन वर्षांनी गेल्या. तोवर त्या मुलाच्या हातचे पाणी प्यायल्या नाहीत. खेमाचा डावा कान परत आला नाही. तो आता शेळ्या राखतो. उंदरांचा पिंजरा अर्पित स्वतः पायी शिवारात नेतो.

क्षमावाणीच्या दिवशी, म्हणजे जैन लोक वर्षभराच्या चुकांची माफी मागतात त्या दिवशी, अर्पित खेमाकडे गेला. हात जोडून, खाली बघत पुटपुटला. खेमाने मान वळवून उजवा कान पुढे केला.

"इकडून बोल, अर्पितभाऊ. तिकडून आयकू नाही येत."

अर्पितला तेच पुन्हा, मोठ्याने बोलावे लागले.

मी दुकानामागे गंजत उभी आहे. मित्रांनो, यंत्र थरथरले तर आधी त्याची सीट उचलून पाहा. माझा पाइप एका दुपारी बदलता आला.