सहातला सांगितलेला अर्थ

माझं इंग्रजी शब्दकोशातलं. आमच्या बेटावरच्या पांगुरुरान गावच्या शाळेत रोज वीस शब्द, असं घोकून मिळवलेलं. माझा जोडीदार सहात मानिक, त्याचं इंग्रजी गाण्यांतलं. सहावीत शाळा सोडून तो तळ्यावर मासे धरायला लागला, आणि कॅसेटी ऐकून ऐकूनच त्याची जीभ त्या भाषेला सरावली. तळ्याकाठच्या तुकतुक गावात इनांग रोस्माच्या खाणावळीत आम्ही दोघं जोडीने गायचो; इनांग म्हणजे आई, सगळे तिला तसंच म्हणत. गिटारी दोन, गळे दोन, पण कौतुक मात्र त्याच्या एकट्याचं.

गाणं संपलं की मी गिटार सुरात लावत बसायचो आणि हा सरळ परदेशी पाहुण्यांच्या टेबलाशी जायचा. "आत्ता मी गायलो त्यातला हा शब्द, याचा अर्थ काय हो?" असं बेधडक विचारायचा. मग कुणी हातवारे करून सांगे, कुणी चित्र काढून दाखवी. एका जर्मन बाईने तर 'अडखळणे' समजावून द्यायला सगळ्यांसमोर खुर्चीला ठेच खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी सहात तोच शब्द बोलण्यात वापरायचा, उलटासुलटा, आणि लोक खूश.

माझं व्याकरण कधी चुकलं नाही. पण माझ्याशी कोण बोलत होतं?

इनांग रोस्मा एकदा मासे साफ करता करता म्हणाली, "तुंपाल, तू बोलतोस ते बरोबर असतं रे बाबा. पण सहात बोलला की माणसं आणखी दोन दिवस राहतात."

ते बोलणं मला आजवर पचलेलं नाही.

त्या जूनमध्ये आम्ही एक नवं गाणं बसवत होतो. चाल ठेक्याची, नाचरी. दुपारी धक्क्यावर बसलो असताना सहातने विचारलं, "लाए," आमच्यात दोस्ताला अशीच हाक मारतात, "या गाण्यातलं हे 'ग्रीफ' म्हणजे काय?"

मला माहीत होतं. ग्रीफ म्हणजे जिवाचं माणूस गेल्याचं दुःख. नववीत असताना पाठ केला होता तो शब्द.

"आनंद," मी म्हणालो. "साधा नव्हे हां. लग्नाबिग्नाच्या जेवणात असतो ना, तसला भरभरून."

"वा! म्हणूनच ठेका असा आहे," तो म्हणाला आणि दोनदा घोकून घेतला.

त्याने चारचौघांत तोंडघशी पडावं, लोकांनी एकदा तरी फिदीफिदी हसावं, एवढंच माझ्या मनात होतं. वॉल्टर त्याच दिवशी येणार आहे हे मला ठाऊक नव्हतं.

वॉल्टर ऑस्ट्रेलियाचा म्हातारा. नऊ वर्षं तो आणि त्याची बायको जूनमध्ये यायची आणि खिडकीजवळचं टेबल धरायची. त्या संध्याकाळी तो एकटाच आला. सहातला वाटलं, बाई खोलीत दमून पडली असेल. ओळखीचा माणूस बघून तो खुलला आणि गाण्याआधी माइकवर इंग्रजीत म्हणाला, "हे गाणं माझ्या मित्रासाठी. वॉल्टर, तुला आणि मॅडमना खूप खूप ग्रीफ मिळो. रोज मिळो!"

कुणीही हसलं नाही. पलीकडच्या टेबलावरच्या बाईने हातातला काटा खाली ठेवला. वॉल्टरचा चेहरा पांढराफटक पडला. सहात गोंधळून माझ्याकडे वळला आणि मी तारा तपासायला लागलो.

मग वॉल्टरने हाताने खुणावून त्याला शेजारची खुर्ची दाखवली. दोघं बराच वेळ बोलत होते. मला शब्द ऐकू येत नव्हते. वॉल्टरने पाकिटातून एक फोटो काढलेला दिसला आणि सहातने दोन्ही हातांनी तोंड झाकलेलं दिसलं. नंतर तो उठला आणि तेच गाणं त्याने संथ चालीत गायलं, एकट्याने. मी साथ धरायला गेलो तर मान हलवून नको म्हणाला. इनांग रोस्मा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली, हातातला डाव तसाच.

खरं सांगतो, त्या क्षणीही मला लाज वाटली नाही. वॉल्टरची ही मायासुद्धा यालाच मिळाली, असंच वाटलं. लाज सकाळी आली.

तो होडी धूत होता. मी म्हणालो, "लाए, तो अर्थ मी मुद्दाम खोटा सांगितला."

"माहीत आहे."

"कसं?"

"तू तारा तपासत होतास. तारा नीटच होत्या." त्याने होडीतलं पाणी उपसून बाहेर फेकलं. "बाई फेब्रुवारीत गेली, तुंपाल. तो मला म्हणाला, तुझी चूक नाही. मी म्हटलं, माझीच. तुझं नाव नाही घेतलं."

त्याने मला दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी त्याच दिवशी वॉल्टरच्या खोलीवर जाऊन माफी मागितली. माझं इंग्रजी अगदी शुद्ध होतं. त्याने ऐकून घेतलं, "ठीक आहे" म्हणाला आणि दार लावून घेतलं.

आम्ही अजून जोडीने गातो. सहात मला लाए म्हणतो, सिगारेट देतो, माझ्या पोरीच्या बाप्तिस्म्याला डुक्कर कापायला तोच पुढे होता. फक्त शब्दाचा अर्थ तो मला विचारत नाही. टेबलांकडे जातो, अनोळखी माणसांना विचारतो, आणि ते त्याला सांगतात तेव्हा मी गिटारीवर मान घालून कान देऊन ऐकतो.